मायक्रोवेव्हच्या काचेतून पाहत राहिल्याने मोतीबिंदू होतो का?

शुभदा: आमचा मायक्रोवेव्ह ओव्हन डोळ्यांच्या उंचीवरील फळीवर ठेवलेला असून अन्न गरम होईपर्यंत सासूबाई त्याच्या काचेतून आत पाहत उभ्या राहतात. नुकतेच त्यांना मोतीबिंदूचे निदान झाल्यापासून घरातले सर्वजण ओव्हनलाच दोष देत आहेत. यात तथ्य किती?

अनिरुद्ध: शंकेला शास्त्रीय मूळ नक्कीच आहे. डोळ्यातील भिंगाला रक्तवाहिन्या नसल्यामुळे तेथे निर्माण झालेली उष्णता रक्तप्रवाहाबरोबर लवकर निघून जात नाही, आणि भिंग फार तापले की त्यातील प्रथिने गोठून ते गढूळ होते. सशांवरील प्रयोगांत असा मोतीबिंदू झालेला आहे. मात्र त्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला 100 मिलिवॅटहून अधिक तीव्रतेच्या मायक्रोवेव्ह लहरी डोळ्यावर बराच वेळ सोडाव्या लागल्या. ओव्हनमधून होणाऱ्या गळतीची मर्यादा पृष्ठभागापासून 5 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅट इतकी आहे आणि अंतर वाढते तशी ती झपाट्याने घटते. काचेतील जाळीची छिद्रे एकदोन मिलिमीटरची, तर लहरींची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर; म्हणून प्रकाश बाहेर येतो, लहरी जवळजवळ येत नाहीत.

डॉ. मेधा (नेत्ररोग): माकडांवरील प्रयोगांत तर भिंगाला इजा होण्याआधी चेहराच भाजला, म्हणजे एवढी तीव्रता कोणालाही नकळत सोसता येणार नाही. सासूबाईंच्या बाबतीत वय, मधुमेह, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स आणि उन्हातील अतिनील किरण यांचा विचार आधी करावा. ओव्हनवर ठपका ठेवून रक्तातील साखर तपासायची राहून गेली, तर ते अधिक हानिकारक ठरेल.

विनायक: अशाच, पण फार तीव्र लहरी सोडणाऱ्या रडारच्या चालू अँटेनासमोर काम करणाऱ्या तंत्रज्ञांची गोष्ट निराळी, त्यांच्यासाठी सुरक्षित अंतराचे नियम उगाच केलेले नाहीत. घरी मात्र दार वाकलेले असेल, बिजागरी सैल असेल किंवा दार उघडूनही यंत्र चालू राहत असेल, तर दुरुस्तीपर्यंत ते वापरू नये.

डॉ. मेधा (नेत्ररोग): एक भर घालते. स्वयंपाकघरात या यंत्रामुळे डोळ्यांना खरोखर झालेल्या इजा पाहिल्या, तर त्यात लहरींऐवजी अंडीच आढळतात. कवचासकट किंवा सोललेले अख्खे अंडे आत गरम केले, की ते कधीकधी बाहेर काढून सुरी लावताच फुटते आणि तोंडावर उडालेल्या गरम बलकाने बुबुळाचा पारदर्शक पडदा भाजतो.

शुभदा: सासूबाईंची साखर दोन वर्षांत तपासलेली नाही. उद्याच तपासून घेतो.