साचा वाळूजमध्ये, पैसे युरोमध्ये: ही निर्यात की देशांतर्गत विक्री?

वाळूजचा टूलरूमवाला (साचे बनवणारा कारखानदार, धागाकर्ता)

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक भागांतील लहान कारखानदारांना पडणारा एक प्रश्न चर्चेला ठेवतो. जर्मनीतील कंपनी प्लास्टिकच्या सुट्या भागासाठी साचा बनवून मागते, त्याची किंमत युरोमध्ये आमच्या खात्यात जमा करते आणि साच्यावर आपल्या मालकीची पाटी ठोकून घेते. साचा मात्र आमच्याच मोल्डिंग मशीनवर राहतो, कारण त्यावर काढलेले भाग तिकडे पाठवायचे असतात. भाग शून्य दराने निर्यात होतात, पण साच्याच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लावावा लागतो. बारा लाखांच्या साच्यावर हा कर दोन लाख सोळा हजार होतो. ग्राहकाची भारतात नोंदणी नसल्यामुळे त्याला त्याचे क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणून तो कर द्यायला नकार देतो आणि रक्कम आमच्या अंगावर पडते. ग्राहक परदेशी, पैसा परदेशी, भागांचा वापरही परदेशात. मग हा व्यवहार निर्यात का मानू नये?

करसल्लागार, जालना

साहेब, तुमची अडचण खरी आहे, पण मागणी चुकीच्या पायावर उभी आहे. एकात्मिक वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ मध्ये वस्तूंच्या निर्यातीची व्याख्या एवढीच आहे, की माल भारतातून भारताबाहेर नेला गेला पाहिजे. त्यात चलनाचा उल्लेख नाही. परकीय चलनाची अट सेवांच्या निर्यातीला आहे, आणि दोन्ही व्याख्यांची सरमिसळ झाल्यामुळे अनेकांना नोटिसा येतात. साचा जागचा हलतच नाही, त्यामुळे कलम १० नुसार ताबा देण्याच्या वेळी तो जिथे आहे तेच पुरवठ्याचे ठिकाण, म्हणजे महाराष्ट्र. पुरवठादारही महाराष्ट्रातला, म्हणून नऊ टक्के केंद्राचा आणि नऊ टक्के राज्याचा कर.

देशांतर्गत व्यवहारातही हेच तत्त्व आहे. जालन्याच्या मिलमधून निजामाबादचा नोंदणीकृत व्यापारी स्वतःचा ट्रक पाठवून सळई उचलतो, सौदा मिलच्या फाटकावरच पूर्ण होतो, तरीही माल तेलंगणात उतरणार असल्याने बिल आयजीएसटीचे, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरच्या एकात्मिक कराचे होते. कर मालाच्या मागे जातो, पैशाच्या मागे नाही.

वाळूजचा टूलरूमवाला

सळईचे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. ती जिथे वापरली जाणार त्या राज्याला कर मिळतो, कारण हा कर अखेर उपभोगावरचा आहे. साच्याचा स्वतंत्र उपभोग कोणी घेत नाही. त्याची सारी उपयुक्तता भागांत उतरते आणि ते भाग जर्मनीला जातात. भाग करमुक्त आणि ते काढणारा साचा करपात्र, म्हणजे निर्यातीवरचा करच मागच्या दाराने आला.

निर्यात विभागात काम करणारी लेखापाल, छत्रपती संभाजीनगर

टूलरूमवाल्या सरांशी मी बरीचशी सहमत आहे. युरोपीय संघात १९८६ पासून संघाबाहेरच्या उद्योगांना तिथे भरलेला व्हॅट परत देण्याची तरतूद आहे, जरी सदस्य देश त्यासाठी परस्पर सवलतीची अट घालू शकतात. आपल्याकडे नोंदणी नसलेल्या परदेशी उद्योगाला असा परतावा मिळत नाही. खरी खोट इथे आहे, निर्यातीच्या व्याख्येत नाही. अशी तरतूद होईपर्यंत साच्याच्या डिझाइनचे बिल वेगळे काढावे, असे मला वाटते. परदेशी ग्राहकाला दिलेली डिझाइनची सेवा निर्यात ठरू शकते आणि एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र) भरून ती कर न लावता देता येते.

करसल्लागार, जालना

मॅडम, परताव्याबद्दलचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. डिझाइनच्या बाबतीत मात्र सावध राहा. एकाच ऑर्डरवर डिझाइन आणि साचा दोन्ही असतील आणि डिझाइन केवळ त्या साच्यासाठीच असेल, तर अधिकारी त्याला संयुक्त पुरवठा (एकमेकांशी जोडलेला एकच व्यवहार) म्हणेल आणि मुख्य पुरवठा साच्याचा धरून सगळ्यावर कर मागेल. बिल फोडल्याने व्यवहार फुटत नाही.

त्यापेक्षा साचा विकूच नका. तो आपल्या मालकीचा ठेवा आणि त्याची किंमत भागांच्या दरात पसरवा, म्हणजे ती भागांबरोबरच शून्य दराने जाईल. ८ जून २०१८ च्या जीएसटी परिपत्रकातही करारानुसार साचा भाग बनवणाऱ्या उत्पादकानेच आणायचा असेल, तर त्याची पसरवलेली किंमत भागाच्या मूल्यात धरण्याचेच तत्त्व आहे.

लेखापाल, छत्रपती संभाजीनगर

यातही एक मेख आहे. एलयूटीवर निर्यात करून साचलेल्या क्रेडिटचा परतावा मागताना भांडवली वस्तूंवरचे क्रेडिट सूत्रात धरले जात नाही. बाहेरच्या टूलरूमकडून विकत घेऊन पुस्तकात भांडवली मालमत्ता म्हणून दाखवलेल्या साच्याचे क्रेडिट त्यामुळे खात्यात पडून राहते. अशा कारखान्याने आयजीएसटी भरून भाग निर्यात करावेत. तो कर भरायला हे क्रेडिट वापरता येते आणि भरलेला कर शिपिंग बिलावरून (निर्यातीच्या सीमाशुल्क कागदावरून) परत मिळतो.

वाळूजचा टूलरूमवाला

हिशेब पटला, पण जोखीम कोणाची ते पाहा. किंमत एक लाख भागांवर पसरवली आणि चाळीस हजारांवर ग्राहकाने मॉडेल बंद केले, तर उरलेली रक्कम कोण देणार? शिवाय मालकी आमची म्हटल्यावर, उद्या तोच साचा दुसऱ्याच्या कामाला लावाल, ही शंका ग्राहकाला पहिल्याच बैठकीत येते.

करसल्लागार, जालना

म्हणून करारात किमान भागांची संख्या लिहून घ्या, आणि ती गाठली नाही तर ग्राहकाने उरलेल्या किमतीला साचा घेऊन जायचा, असे कलम घाला. त्या दिवशी साचा बंदरातून बाहेर जाईल, त्याचे शिपिंग बिल निघेल आणि तुम्ही आज मागता ती निर्यात कायद्याच्या व्याख्येतच बसेल.

वाळूजचा टूलरूमवाला

कलम घालून पाहतो. मात्र दीड टनाच्या साच्याचे जहाजभाडे कोण देणार, यावरच ती बैठक अडकेल, अशी माझी खात्री आहे.