पेपर चालू असताना सरांचं वागणं पाहून जीव घाबरा झाला होता का कधी? (अनुभव)

पऱ्हाटी
काल भाचीला दहावीच्या पेपरला सोडायला गेले होते. गेटवर तपासणी चालू होती. पोरींची रांग वेगळी, तपासायला बाई, सगळं नीट. तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या एका सरांनी रांगेतल्या एकीला बोलावलं, "इकडं ये, तुझं पॅड दाखव." तिनं दाखवलं आणि परत रांगेत गेली. एवढंच झालं. पण माझ्या पोटात जो गोळा आला तो घरी येईपर्यंत गेला नाही. भांडी घासता घासता लक्षात आलं काहून ते.

१९९६. यवतमाळ जिल्ह्यातलं एक केंद्र. टिनाचं शेड, मार्चचं ऊन, पंखा एकच. भूमितीचा पेपर. माझ्या उजव्या रांगेत खिडकीजवळ आमच्याच वर्गातली एक जण होती. अभ्यासात बेताची, पण अक्षर मोत्यासारखं. सर पहिला अर्धा तास सगळीकडे फिरले आणि मग तिच्या बेंचपाशी थांबले ते थांबलेच. वाकून पेपर पाहायचे. हळूच विचारायचे, "येते का? सांगू का?" ती मान हलवायची, नाही. ते जायचे, पाच मिनिटांनी परत यायचे, बेंचावर हात टेकून उभे राहायचे. ती सरकत सरकत टोकाला गेली, अर्धी बेंचाबाहेर. लिहिणं कधीच थांबलं होतं.

माझं खोडरबर पडलं म्हणून खाली वाकले तेव्हा दिसलं. तिच्या डाव्या हातात, बेंचाखाली, कर्कटक होतं. टोक वर करून. मूठ इतकी घट्ट की बोटं पांढरी पडली होती.

मी वर बसले आणि पायथागोरसचं प्रमेय लिहिलं. पूर्ण लिहिलं.

सरांनी काय केलं असं कोणी विचारलं असतं तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. हात लावला नाही, ओरडले नाहीत. म्हणून मी आईलाही सांगितलं नाही. आता तीस वर्षं होत आली. तुम्ही कोणी पाहिलंय असं काही? स्वतःचं असो की दुसऱ्याचं, लिहा.

मोहफूल
कर्कटक. वाचून हातातलं काम राहिलं. मग पुढे काय झालं तिचं? पास झाली का?

पऱ्हाटी
पुढच्या पेपरपासून तिची आई येऊन व्हरांड्यात बसायची, पाण्याची कॅन घेऊन. कोणी काही विचारलं नाही. भूमितीत गेली ती. ऑक्टोबरच्या परीक्षेत निघाली.

तुरीच्या शेंगा
माझं जरा वेगळं आहे पण लिहितो, कारण कधी कोणाला बोललो नाही. २०१४, बारावी सायन्स, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. ३० मार्क सरांच्या हातात, हे सर वर्षभर सांगायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या जेवणासाठी प्रत्येकाकडून १०० रुपये. आमच्या घरी तेव्हा तूर विकायची होती, पैसा नव्हता. मी उद्या देतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी टायट्रेशन चालू असताना सरांनी लॅबमध्ये माझं नाव तीनदा घेतलं. "तुझं राहिलं आहे." बस, इतकंच वाक्य. परीक्षक पाहून राहिले, पोरं पाहून राहिली. ब्युरेटची तोटी बंद करायची राहून गेली आणि फ्लास्कमधलं पाणी फिक्कं गुलाबी व्हायच्या जागी एकदम गडद झालं. परत करायला वेळ दिला नाही. मार्क कमी मिळाले त्याचं काही नाही. पण मला शंभर रुपये ज्यानं काढून दिले तो आश्रमशाळेतून आलेला पोरगा होता, आणि ते त्याचे गावी जायचे गाडीभाड्याचे होते. तो चालत गेला असेल का, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

वर्धेकर
आमच्याकडे पण जेवण असायचं परीक्षकांचं. सावजी मटण. वास लॅबपर्यंत यायचा. पोरांच्या पैशाचं ते, तेव्हा कळत नव्हतं.

पांदण
मास्तर लोकायचं भेवच तसं होतं माय. माहा बाप शाळेत नाव टाकाले गेला तं मास्तरले म्हणे, चामडं तुमचं, हाडं आमची. हे आपल्याच कानानं आयकलेलं पोट्टं घरी येऊन काय सांगन? अन सांगतलं तं बाप म्हणन, तूनंच काई केलं असन.

खडू
मी स्वतः शिक्षक आहे. दोन-चार लोकांमुळे सगळ्यांकडे संशयानं पाहिलं जातं याचं वाईट वाटतं. धागा काढणाऱ्या ताईंच्या केंद्रावरच्या सरांना खरोखर मदतच करायची असेल, असं नाही का होऊ शकत? त्या काळी पोरी पास व्हाव्या म्हणून आम्ही जिवाचं रान करायचो.

पऱ्हाटी
खडू सर, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण मदत असती तर ती कर्कटक धरून बसली नसती.

निळी बस
खडू सरांसारखे पण असतात हो, मला त्यांचंच लिहायचं आहे. मी मानव विकासच्या, म्हणजे खेड्यातल्या पोरींना शाळेत नेणाऱ्या सरकारी योजनेच्या, निळ्या बसनं शाळेत जायची. पेपर दोनला सुटायचा आणि बस साडेपाचला. आम्ही सहा पोरी, शाळा रिकामी, बाहेर सगळं शेत. आमचे एक सर रोज बस येईपर्यंत थांबायचे. पण आमच्यात येऊन बसायचे नाहीत. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला शिपायाच्या स्टुलावर बसायचे, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या काकूंना आमच्याजवळ बसायला सांगायचे. काकू तांदूळ निवडायच्या, आम्ही दुसऱ्या दिवशीचं वाचायचो. तेव्हा वाटायचं सर तुसडे आहेत, बोलतसुद्धा नाहीत. आता मी नोकरी करते तेव्हा समजतं की ते अंतर त्यांनी मुद्दाम राखलं होतं.

मोहफूल
काय सुंदर लिहिलं गं. ती निळी बस आमच्या गावाला अजून येते, पण वेळेचं विचारू नको.

वर्धेकर
कोणतं गाव ताई? आमच्याकडची तर सुट्टीत बंदच असते.

मोहफूल
सिंदेवाहीकडचं. इकडं आता मोह पडायला लागला, पोरं पहाटे टोपली घेऊन जंगलात आणि मग अकराला पेपर. काय अभ्यास करतील. बरं, धागा चालू द्या.

सोसायटीचा नातू
इथं सगळ्यांनी दुसऱ्या बाजूनं लिहिलं, मी या बाजूनं लिहितो. ज्याला सर मदत करायचे तो पोरगा मी होतो. आजोबांचं गावात वजन होतं, शाळेच्या संस्थेत पण. दहावीला बीजगणिताच्या पेपरला सर माझ्याजवळ आले, उत्तराच्या ओळीवर बोट ठेवलं आणि नुसतं डावीकडून उजवीकडे हलवलं. म्हणजे चूक. मी खोडलं. दुसरं लिहिलं. बोट खाली-वर. म्हणजे बरोबर. पेपरभर असंच. मागच्या बेंचवर माझा मित्र होता, आम्ही एकाच आंब्याखाली अभ्यास केलेला. त्यानं सरांना पुरवणी मागितली तर "आधी आहे ते भर" म्हणाले. खरं तर त्याची उत्तरपत्रिका भरली होती, मी वळून पाहिलं होतं. पेन टेबलावर ठेवून तो माझ्या पाठीकडे पाहत बसला होता. मी परत पुढे वळलो.

तो ४ मार्कांनी गेला. परत बसला नाही, गुजरातला जिनिंगवर कामाला गेला. मला ७१ टक्के पडले, पेढे वाटले. मला त्या सरांनी काही त्रास दिला नाही, पण त्यांच्या बोटाची ती हालचाल मला अजून दिसते. घरी पोराचं गणित तपासताना मी बोट ठेवत नाही. वहीच उचलून हातात घेतो.

पांदण
तुह्या मित्राले भेटला का मंग?

सोसायटीचा नातू
गणपतीत भेटतो. तो हसून बोलतो. त्याचंच जास्त लागतं.

एक मास्तरीण
उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून आत्ता घरी आले, कुकर लावलाय, घाईत लिहिते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पर्यवेक्षणाला बऱ्याच वर्षांपासून जाते. मुलींची झडती बाईनंच घ्यायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण केंद्रावर बाई दोन आणि मुली दीडशे असतात, भरारी पथकाची गाडी दिसली की सगळ्यांची धांदल उडते, आणि मग कोणीतरी म्हणतं, "राहू द्या, मी पाहतो." तिथं आडवं उभं राहावं लागतं. मी राहिले आहे. त्यावर्षी माझ्याशी चहाला कोणी बोललं नाही.

एकदा एका मुलीनं बाहेर जायचं म्हणून हात वर केला. सहकाऱ्यानं विचारलं, "कशाला? चिठ्ठ्या बदलायला?" ती काही बोलेना. सगळा वर्ग तिच्याकडे पाहत होता. मी बाजूच्या खोलीतून आले तेव्हा ती ओढणी कमरेला गुंडाळून उभी होती. मला सांगावं लागलं नाही. मी तिला घेऊन गेले, माझ्या पर्समधलं दिलं, वेळ लिहून ठेवली. आता २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं वाढवून देतात, तेव्हा तेही नव्हतं. तिची पंधरा मिनिटं गेली ती गेलीच.

ज्यांची मुलं आत्ता परीक्षेला आहेत त्यांच्यासाठी. "काही घडलं नाही" म्हणून गप्प बसू नका. शाळेत २०२२ पासून मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे, तिच्यात पालक पण असतात, कोण आहेत ते विचारून ठेवा. केंद्रसंचालकाला पेपर चालू असताना सांगितलं तरी पर्यवेक्षक बदलता येतो, मी बदललेला पाहिला आहे. लेकरांसाठी १०९८ हा मदतीचा फोन नंबर आहे, रात्री पण लागतो. आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात तर ज्याला कळलं त्यानं कळवलंच पाहिजे असं आहे, मग तो शिक्षक असो की शेजारी. खडू सर, संशय नको म्हणूनच हे सगळं आपल्याला माहीत पाहिजे.

खडू
मॅडम, मान्य. मी ताईंना तसं लिहायला नको होतं. पऱ्हाटीताई, माफ करा.

तुरीच्या शेंगा
मॅडम कुकरच्या शिट्ट्या मोजा 🙂 आणि खूप आभार.

पऱ्हाटी
दोन दिवसांनी लिहिते आहे. तुमचं सगळ्यांचं वाचून मी तिचा नंबर शोधला. तिच्या मावसबहिणीकडून मिळाला. आता ती मोर्शीकडे असते, संत्र्याचा बगीचा आहे, शिवणकाम पण करते. आधी आम्ही संत्र्याच्या भावाचंच बोललो. मग मी म्हटलं, भूमितीच्या पेपरला तुझ्या हातात कर्कटक होतं.

मागे शिलाई मशीन चालू होती तिची. ती थांबली.

"तुले दिसलं होतं?"

हो म्हणाले.

"मले इतके वर्सं वाटे का मीच काहीबाही मनात आणलं." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "मंग बोलली काहून नाही?"

मी म्हणाले, भ्यायले. ती म्हणाली, मी बी.

तिची धाकटी आता नववीत आहे. रविवारी दोघी येतो म्हणाली. मी पुरणाचं करणार आहे.

मोहफूल
डोळ्यात पाणी आलं गं. माझ्या लेकीचा उद्या भूमितीचा आहे, इथंच बसून कंपासपेटी भरून राहिली. फोन ठेवते आणि तिला विचारते, हॉलवर कोण असतं, कसे वागतात ते. आतापर्यंत रोज पेपर कसा गेला एवढंच विचारलं.