प्रति: क्षणात विरणारी मूलद्रव्यं काय कामाची?

वर कुणीतरी म्हटलंय की ही माणसाने बनवलेली मूलद्रव्यं क्षणात गायब होतात, मग एवढा खर्च कशाला. ११८ नंबरच्या ओगानेसॉनबाबत ठीक आहे हो, पण सगळ्यांना एकाच माळेत कशाला ओवता? टेक्नेशियम बघा की. अमेरिकेतल्या बर्कलेच्या लॉरेन्स या शास्त्रज्ञाने सायक्लोट्रॉनमधला (वेगवान कणांचा मारा करणारं यंत्र) मॉलिब्डेनम धातूचा वापरलेला पत्रा पोस्टाने इटलीला सेग्रे या शास्त्रज्ञाकडे धाडला आणि १९३७ मध्ये त्यात हे सापडलं (भंगारातून मूलद्रव्य!). आज हाडांच्या स्कॅनआधी इंजेक्शनमधून देतात ते हेच, टेक्नेशियम-९९एम, हाफ लाइफ (निम्मं विरायला लागणारा वेळ) जेमतेम ६ तास, म्हणून हॉस्पिटलात मॉलिब्डेनम-९९चा जनरेटर आणून ठेवतात (त्यातलं मॉलिब्डेनम आपोआप विघटन होऊन टेक्नेशियम बनत राहतं), त्यातून सलाइन सोडून टेक्नेशियम काढायचं, काही तासांनी परत तयार, गाय दोहावी तसं, तिकडचे लोक तर त्याला 'काऊ'च म्हणतात.