उलटे गिअर: पहिला वर, बाकी खाली. तुमचे अनुभव लिहा

काल गॅरेजवर एक पोरगा केटीएमच्या आरसी ३९० बाइकचे गिअर उलटे करून घेत होता. कोइमतूरच्या करी रेसिंग ट्रॅकवर जायचंय म्हणाला. बघता बघता बाबांची जुनी बुलेट आठवली. उजव्या पायात गिअर, डाव्यात ब्रेक. पहिला उचलायचा, पुढचे तीन दाबायचे. आज पोरं जीपी शिफ्ट म्हणतात ते हेच की! बाबा मागे बसून ओरडायचे, "उचल! आता दाब, दाब!" पुढे आरएक्स १०० आली, एक खाली तीन वर, आणि पायाला सगळं नव्यानं शिकवलं. कुणी उलटे करून घेतले असतील किंवा तशीच सवय असेल तर लिहा.

घाटवेडा
आर१५ वर केलंय. रॉडवाली गाडी (लिव्हर आणि गिअर शाफ्टच्या मध्ये रॉड) असेल तर सोपं. गिअर शाफ्टवरचा छोटा आर्म काढून उलट्या बाजूला बसवायचा. बोल्ट नुसता सैल करून आर्म निघत नाही, पूर्ण काढा, तो शाफ्टच्या खाचेत अडकलेला असतो. लोक हातोडी घालतात, कृपा करून नको! रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, तेही लक्षात ठेवा. गाडी चालू करायच्या आधी हातानं सगळे गिअर टाकून बघा, आर्म कुठे घासतो का ते.

स्वयंपाकघरातून
स्प्लेंडर चालेल का इथे? चारही पुढे दाबूनच, उतरवायला टाच. नवऱ्याची पल्सर घेतली की पहिले दोन चौक मनात घोकत जाते. फोडणी टाकलीय, येते परत.

अण्णा_सातारा
पण करायचं कशाला??

घाटवेडा
अण्णा, डाव्या वळणात गाडी पूर्ण झोपलेली असताना लिव्हरखाली बूट घालायला जागाच नसते. वळणातून निघताना वरचा गिअर नुसता दाबून पडतो. ट्रॅकवर फार फरक पडतो.

अण्णा_सातारा
मग रस्त्यावर नकोच. घाईत पाय जुनंच करणार. पुढचा गिअर म्हणून उचलला आणि खालचा पडला की मागचं चाक धरतं. खंबाटकीत असं झालं तर? गाडी दुसऱ्याला तर देऊच नका, निदान टाकीवर 'गिअर उलटे' अशी पट्टी चिकटवा.

दोनस्ट्रोक
+१ अण्णा. आरएक्सला रॉड नाही, लिव्हर थेट शाफ्टवर. ती मागे फिरवली की पॅटर्न आपोआप उलटतो, पण फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) मागे न्यावे लागतात. आणि क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय) असेल तर सेन्सर ढकलल्यावर चालतो की ओढल्यावर ते आधी बघा. उलटं केल्यावर रॉडवरचा जोर उलटा येतो.

स्वयंपाकघरातून
आले. दादा, बाबांची बुलेट आहे का अजून? आमच्या मामांकडे होती. चौथ्यातून टाच मारली की थेट न्यूट्रल, काय सुख होतं!

धागाकर्ता
आहे ना ताई! न्यूट्रलची ती छोटी लिव्हर अजून शाबूत आहे. पण गिअरबॉक्समधून ऑइल गळतंय. सांगलीत जुन्या बुलेटचं नीट काम कोण करतं?

दोनस्ट्रोक
मिरजेत एक आहेत, फक्त जुन्या गाड्या घेतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. जाताना किक घेऊन बघा, घसरत असेल तर तेही एकदमच करून घ्या.