क्रिएटिनिन १.३ आणि साइटवर ११५? मोफत, भरवशाची माहिती कुठे वाचावी

तापीकाठ (चोपडा):
आईचं वय ६२, शुगर आणि बीपी आहे. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.३ आलंय. ब्रिटनच्या साइटवर आकडे शंभराच्या घरात दिसतात, काहीच कळेना. गोळीचं नाव टाकलं तर विक्रीच्याच साइट उघडतात. डॉक्टरांची तारीख पंधरा दिवसांनी आहे. तोवर फुकटात नीट माहिती कुठे मिळेल?

लॅबवाला धुळे:
भाऊ, आकड्याआधी एकक बघा. आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ब्रिटनमध्ये मायक्रोमोल प्रति लिटर. क्रिएटिनिनला ८८.४ ने गुणा, १.३ चे ११५ होतात. शुगरला त्यांचा आकडा गुणिले १८, म्हणजे त्यांचे ७ ते आपले १२६. म्हणून रिपोर्टसाठी मेडलाइनप्लस ही साइट बरी. अमेरिकेच्या सरकारी नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची आहे, जाहिराती नाहीत, आणि ही एककं आपलीच.
नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका, ईजीएफआर बघा, म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि लिंगावरून काढलेला किडनी किती गाळते याचा अंदाज. क्रिएटिनिन १.३ असताना ईजीएफआर पंचविशीच्या तरुणात ७८ च्या आसपास येतो, ६२ च्या बाईत ४६. मात्र भुसावळच्या उन्हात अंगातलं पाणी कमी झालं तरी क्रिएटिनिन चढतं. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिने टिकला तर जुनाट किडनीविकार धरतात. लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रथिन) तपासलंय का?

औषधवाली नंदुरबार:
ब्रँड टाकला की दुकानंच येणार. स्ट्रिपवर मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात, ते टाका. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्या परदेशी साइटवर सापडतच नाहीत. प्रत्येक घटक वेगळा शोधा. अमेरिकन पानावर पॅरासिटामॉल हे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून मिळेल.
शुगरच्या गोळीत मेटफॉर्मिन असेल तर ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर डोसचा फेरविचार करतात, ३० च्या खाली ते देत नाहीत. हा प्रश्न लिहूनच न्या. स्वतःहून बंद मात्र करू नका. आणि आई गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेत असतील तर ते आजच डॉक्टरांना फोन करून सांगा, पंधरा दिवस थांबू नका. किडनीला त्याच गोळ्या जास्त नडतात.

सातपुडा:
हिंदी चालत असेल तर एमएसडी मॅन्युअल ही आरोग्य माहितीची साइट, तीही मोफत. रुग्णांसाठीचीच आवृत्ती उघडा, डॉक्टरांची वेगळी आहे. कुठलंही पान वाचताना ते शेवटचं कधी तपासलं ती तारीख बघा. पबमेड (वैद्यकीय शोधनिबंधांची साइट) सध्या राहू द्या. तिथे उंदरांवरचे प्रयोगही निघतात, वाचून जीव घाबरतो. तुमच्या डॉक्टरांचा फोन लागला नाही तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टर मोफत बोलतात. रिपोर्टचे फोटो तयार ठेवा, एककं आणि तारीख दिसेल असे.