व्हँकुव्हर: डोंगर आणि झुलते पूल, एका दिवसाची गाइडेड टूर घ्यावी का?

निवांत_नाशिककर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अलास्काची क्रूझ धरायला व्हँकुव्हरला येतोय. त्याआधी दोन दिवस हातात आहेत. एक शहरात जाईल. दुसऱ्यासाठी एक टूर बघून ठेवली आहे. सकाळी हॉटेलवरून उचलणार, आधी स्टॅनली पार्क, मग कॅपिलानोचा झुलता पूल, मग केबल कारने ग्राऊस माउंटनवर, आणि संध्याकाळी परत आणून सोडणार. सगळे मिळून सहा-सात तास.

आम्ही चौघं: मी, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई. आई ७१ वर्षांची. उजवा गुडघा कुरकुरतो, सपाटीवर तासभर आरामात चालते, पण जिना उतरताना कठडा लागतो. उंचीची भीती तिला नाही, मला आहे. हे बायकोला माहीत आहे, मुलाला नाही, आणि ते तसंच राहिलेलं बरं.

चौघांचे पैसे एकत्र केले की आकडा बघवत नाही. टूर घ्यावी की आपलं आपण जावं? पूल कितपत हलतो? आणि अर्ध्यातून परत फिरावंसं वाटलं (आईला) तर फिरता येतं का?

दगडफूल

पूल हलतो. त्याचेच तर पैसे घेतात.

बाकीचं सांगायला बर्नबीच्या ताई येतीलच.

बर्नबीची_ताई

आले.

अकरा वर्षं झाली मला इथे, व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबीत. घरी उतरलेला प्रत्येक पाहुणा बॅग उघडायच्या आधी कॅपिलानोचं नाव काढतो. ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्यांना तिथे एका दिवसाच्या तिकिटात वर्षभराचा पास मिळतो, त्यामुळे नवरा म्हणतो, "तूच जा, तुझं फुकट आहे." अशा माझ्या चौदा-पंधरा वाऱ्या झाल्या. त्यातली स्वतःच्या हौसेने केलेली एकच. फेब्रुवारीत, रिपरिप पावसात, पुलावर मी आणि एक म्हातारं जोडपं, एवढेच. तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा पूल बोलतो. फळ्या कुरकुरतात, तारा हुंकारतात, खालून नदीचा आवाज येतो. एरवी सेल्फीवाल्यांच्या कलकलाटात यातलं काही ऐकू येत नाही.

आधी आईंचं बघू. पूल १४० मीटर लांब आहे आणि नदीपासून ७० मीटर उंच. मध्ये खोलगट आहे, म्हणजे अर्ध्यापर्यंत उतार आणि पुढे चढ. दोन्ही बाजूंना धरायला जाड तारदोर आहे आणि त्याखाली जाळी, त्यामुळे पडायची भीती मनातून काढा. पण तो दोर पुलासोबतच हलतो. जिन्याच्या कठड्यासारखा तो आपला भार घेत नाही, हे आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी दचकायला होतं. छोटी पावलं टाकायची, गुडघे किंचित सैल ठेवायचे आणि नजर समोरच्या झाडांवर ठेवायची, पायाकडे नाही. समोरून दहा-बारा पोरांचा घोळका येताना दिसला की थांबायचं, त्यांना जाऊ द्यायचं. खरी लाट त्यांच्या पायांनी उठते.

अर्ध्यातून (आईंना) परत फिरता येतं, कोणी अडवत नाही. पण टूरच्या पत्रकात नसलेली एक गोष्ट सांगते: पलीकडे गेलात की परत यायला दुसरी वाट नाही. ट्रीटॉप्स म्हणून झाडाझाडांना जोडणारे सात छोटे पूल आहेत, ते पलीकडच्या जंगलात. ते बघून झाले की त्याच मोठ्या पुलावरून परत यायचं. व्हीलचेअर किंवा बाबागाडी पुलावर नेता येत नाही. ट्रीटॉप्स मात्र मुलाला नक्की दाखवा. जमिनीपासून तीसेक मीटरवर डग्लस फरच्या बुंध्यांना पट्ट्यांनी कवटाळलेले मचाण आहेत. झाडात एक खिळा ठोकलेला नाही, सगळं नुसत्या दाबावर उभं आहे. माझा भाचा पूल विसरून तासभर तो पट्टाच न्याहाळत बसला होता.

मूळ पूल १८८९ मधला. जॉर्ज ग्रँट मॅके नावाच्या स्कॉटिश इंजिनियरने वाखाचे दोर आणि सीडरच्या फळ्या वापरून तो बांधला. १९०३ मध्ये तारेचे दोर आले, आणि आज आपण चालतो तो १९५६ मध्ये नव्याने बांधलेला. २००६ च्या हिवाळी वादळात ४६ टनांचं, तीनशे वर्षांचं डग्लस फर त्याच्या पश्चिम टोकावर कोसळलं होतं. हे मुलाला सांगा, स्वतः ऐकू नका.

आता टूरचं. तिची खरी गोम ढगात आहे.

ग्राऊसचं वरचं स्टेशन साधारण ११०० मीटरवर. समुद्रावरून येणारे ढग शहर ओलांडतात आणि उत्तरेच्या या डोंगरांना येऊन टेकतात. खाली ऊन आणि वर पांढरा काला, असं इथे नेहमीचं. सप्टेंबर तसा चांगला महिना, ऑक्टोबरनंतर पाऊस बसतो, आणि जून इतका मळभट की इथले लोक त्याला जून्युअरी (जून अधिक जानेवारी) म्हणतात. पण उन्हाळ्याच्या शेवटी आतल्या भागातल्या वणव्यांचा धूर आला तर सप्टेंबरातही समोरचा डोंगर दिसत नाही. टूरची तारीख तुम्ही महिनाभर आधी ठरवणार. ढगाला ते कोण सांगणार?

दोन वर्षांपूर्वी माझे चुलत सासरे अशाच टूरने वर गेले. केबल कारने आठ मिनिटांत पोचले, दार उघडलं तर समोर शून्य. गाइड बिचारा हात करून सांगत होता, इकडे शहर, तिकडे अमेरिकेतला माउंट बेकर. काका शेवटी तिथल्या फलकावरच्या डोंगरांचा फोटो काढून आले. अजून कुणी विचारलं तर तोच दाखवतात. टूर कंपनीने एक पैसा परत केला नाही, आणि नियमाने करायचाही नव्हता. अटींमध्ये लिहिलेलं होतं, वाचलं कोणी नव्हतं.

म्हणून मी सांगीन, दोन दिवस आहेत तर दोन्ही मोकळे ठेवा. सकाळी उठून ग्राऊसचा वेबकॅम बघा. डोंगर दिसला तर तो दिवस डोंगराचा, नाहीतर शहराचा. वॉटरफ्रंट स्टेशनवरून सीबस, म्हणजे प्रवासी बोट घ्या, बारा मिनिटांत पलीकडे लॉन्सडेल की (Quay) नावाचा धक्का. तिथून २३६ नंबरची बस कॅपिलानोवरून थेट ग्राऊसच्या पायथ्याला जाते. क्रेडिट कार्ड टेकवलं की झालं, तिकिटाच्या रांगेत उभं राहायला नको. नुसतं कॅपिलानोला जायचं असेल तर डाउनटाउनमधून, कॅनडा प्लेसपासून त्यांचीच फुकट शटल असते.

आणि वाटेत क्लीव्हलँड डॅमला उतरा. याला तिकीट नाही, म्हणून टूरवाले घाईने पुढे नेतात. धरणाच्या माथ्यावर सपाट रस्ता, एका बाजूला हिरवंगार तळं आणि त्याच्या मागे लायन्सची जोड शिखरं. इथल्या मूळच्या स्क्वामिश लोकांच्या भाषेत त्या दोन बहिणी आहेत. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा एक मोठा हिस्सा इथून जातो. १९५४ मध्ये धरण झालं आणि सामन माशांची वरची वाट बंद झाली, म्हणून १९७१ मध्ये खालच्या अंगाला हॅचरी, म्हणजे माशांची पैदास करणारं केंद्र काढलं. तेही फुकट. तिथे पाण्याला पायऱ्या केल्या आहेत आणि बाजूच्या भिंतीला काच आहे. सप्टेंबरात काचेच्या पलीकडे हातभर लांबीचा मासा प्रवाहाला तोंड करून नुसता जागच्या जागी हलत असतो. दम खातो, शेपटी एकदा आपटतो, वरच्या पायरीत जातो, कधी पडतो आणि पुन्हा येतो. नाकाच्या टोकाची सालं निघालेली असतात. माझ्या सासूबाई पुलावर दहा मिनिटं होत्या आणि इथे पाऊण तास. उठेचनात.

सुटकेस_काका

ताईंचं सगळं मान्य, पण टूरची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

आम्ही दोघं सत्तरीतले, मागच्या वर्षी टूरनेच गेलो. बारा जणांची व्हॅन, दाराशी सोडते, दाराशी घेते. बस बदला, स्टॉप शोधा, मोबाइलवर नकाशा फिरवा, या भानगडी आमच्याच्याने आता होत नाहीत. शिवाय गाइड चांगला मिळाला तर जंगल दिसतं, नाहीतर नुसती झाडं दिसतात. आमच्या मुलीने (गाइड म्हणजे पंचविशीची पोर होती) सीडरची साल हातात देऊन सोलायला लावली. लांबच लांब धागा निघतो. इथले मूळ लोक त्याचे दोर वळायचे, टोपल्या विणायचे, कपडेसुद्धा करायचे. मी गावी केळीचा सोप सोलत वाढलो, माझे हात आपोआप चालायला लागले. ती बघतच राहिली.

तक्रार एकच, वेळेची. कॅपिलानोला दीड तास दिला. त्यात पूल, पलीकडचं जंगल आणि परत. अलीकडच्या बाजूला कड्याला चिकटून जाणारी क्लिफवॉक राहूनच गेली. बुक करायच्या आधी विचारून घ्या: प्रत्येक ठिकाणी किती वेळ, दोन्हीकडची तिकिटं किमतीत धरली आहेत का, आणि डोंगर ढगात असेल तर दिवस बदलून देणार का. कर वेगळा, आणि गाइडला पंधरा-वीस टक्के टिप द्यायची रीत आहे, तीही हिशेबात धरा.

दगडफूल

पैसेच वाचवायचे तर लिन कॅन्यन. १९१२ चा झुलता पूल, ५० मीटर उंच, चकटफू. कॅपिलानोपेक्षा आखूड आणि अरुंद, त्यामुळे हलतो मात्र मन लावून. खालच्या पाण्यात उड्या मारू नका म्हणून पाट्या आहेत, त्या गमतीने लावलेल्या नाहीत, माणसं गेली आहेत तिथे. आईंना मात्र तिथल्या पायवाटा नकोत, जिनेच जिने आहेत.

भाड्याची गाडी घेणार असाल तर दोन्ही सोडा आणि स्क्वामिश गावाजवळ सी टू स्काय गोंडोला नावाच्या केबल कारला जा. तासाभराचा रस्ता, उजवीकडे डोंगर, डावीकडे समुद्र. वर ८८५ मीटरवर उतरलं की शंभर मीटरचा झुलता पूल समोरच.

निवांत_नाशिककर

हीच का ती, जिची केबल कुणीतरी कापली होती? बायकोने आत्ताच शोधून काढलंय.

दगडफूल

हो. २०१९ मध्ये एकदा आणि २०२० मध्ये परत. दोन्ही वेळा रात्री, डबे रिकामे होते, कोणाला काही झालं नाही. नंतर सगळं नवीन बसवून २०२१ मध्ये सुरू केली. मी त्यानंतर दोनदा जाऊन आलो.

निवांत_नाशिककर

गोंडोला बाद. तुमच्या वहिनीसाहेबांचा निर्णय झाला.

निवांत_नाशिककर

परत आलो, म्हणून धागा वर काढतोय.

टूर घेतली नाही. पहिल्या दिवशी सकाळी वेबकॅमवर डोंगर लख्ख दिसला, म्हणून शहर दुसऱ्या दिवसावर ढकललं. दुसऱ्या दिवशी त्याच कॅमेऱ्यात दुधाची पिशवी फुटल्यासारखं दिसत होतं, त्यामुळे ताई, तुम्हाला एक जेवण लागू. ग्राऊसवरून माउंट बेकर दिसला. खरा, फलकावरचा नाही.

हॅचरीला टॅक्सीने गेलो. आई काचेला नाक लावून बसली आणि प्रत्येक माशाला "चल गो बाय, चल" म्हणत होती. तिचं माहेर संगमेश्वरकडचं, मासा बघितला की तिची भाषा बदलते.

कॅपिलानोला शटलने सकाळी दार उघडायच्या वेळेला पोचलो, गर्दी नव्हती. आईने चपला घट्ट केल्या, एकदा पुलाकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढंच होय? आमच्या व्हाळावरच्या साकवाला धरायलाही काही नव्हतं, आणि पावसात दोन पोफळी आडव्या टाकलेल्या असायच्या, त्यावरून शाळेत जायचो." आणि निघाली. गुडघा वगैरे सगळं विसरून. चढाला तेवढी थांबली. बायको तिच्या मागे.

मी मुलाचा हात धरून निघालो, म्हणजे दिसायला मी त्याचा धरला होता. मध्यावर आल्यावर तो शांतपणे म्हणाला, "बाबा, डोळे उघडून चाला ना, फळी दिसत नाही का?"

पलीकडे पोचल्यावर घाम पुसला. परत यायला दुसरी वाट नाही हे ताईंनी इथे स्वच्छ लिहिलं होतं. तरी मी तिथल्या माणसाला जाऊन विचारून घेतलं.