बावीस महिन्यांच्या मुलीचे वजन वाढत नाही: घास वाढवावेत की घासातील सकसपणा?

प्रश्न: भांडुपची आई

नमस्कार. माझी मुलगी बावीस महिन्यांची असून तिचे वजन ९.२ किलो आहे. जन्मतः ते २.८ किलो होते आणि पहिल्या वाढदिवसाला ८.६ किलो भरले, तेव्हा डॉक्टरांनी सर्व ठीक असल्याचे सांगितले होते. त्यानंतरच्या दहा महिन्यांत मात्र जेमतेम सहाशे ग्रॅम वाढ झाली आहे. मुलगी खेळकर आहे, चालते, पळते, बोलतेही भरपूर, परंतु जेवणाची वेळ झाली की ओठ घट्ट मिटून घेते.

वरण-भात, मऊ खिचडी, पोळीचा कुस्करा आणि केळे, एवढेच पदार्थ ती खाते. भाजीचा तुकडा जिभेला लागला की तेवढाच नेमका बाहेर काढते. घास भरवला तर तो गालात धरून ठेवते, कधी कधी पंधरा-पंधरा मिनिटे. मी आणि यजमान दोघेही नोकरी करतो. सकाळी आठच्या लोकलने मी निघते आणि दुपारी तीनपर्यंत ती पाळणाघरात असते. पुढे सासूबाई तिला सांभाळतात. तिने काहीच खाल्ले नाही की पोटात काहीतरी जावे म्हणून दुधाची बाटली दिली जाते. मी काल मोजून पाहिले, तेव्हा दिवसभरात सुमारे ९०० मिलिलिटर दूध होत असल्याचे लक्षात आले. दूध पिशवीचे, टोन्ड आहे. जेवताना मोबाइलवर गाणी लावल्याखेरीज ती तोंड उघडत नाही.

इमारतीतील प्रत्येक जण काही ना काही सुचवतो. कोणी वजन वाढवणारी चॉकलेटच्या चवीची पावडर घ्यायला सांगते, कोणी भूक वाढवणारे औषध. ‘आई घरी नसते, म्हणून मूल खात नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता रात्री झोप लागत नाही. तिला जास्त खायला कसे घालावे, हे कृपया सांगावे.

उत्तर १: बालआहारतज्ज्ञ, परळ

ताई, सर्वप्रथम आपल्या नोकरीचा आणि मुलीच्या वजनाचा संबंध जोडणे थांबवा. आपण दिलेल्या आकड्यांमध्येच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमानकांनुसार बावीस महिन्यांच्या मुलीचे मधल्या रेषेवरील वजन साधारण ११ किलो असते आणि चिंतेची खालची रेषा ८.७ किलोच्या आसपास येते. आपली मुलगी त्या रेषेच्या वर आहे. तरीही मला एका आकड्यापेक्षा रेषेची दिशा अधिक महत्त्वाची वाटते. वर्षाची असताना ती मधल्या रेषेच्या जवळ होती आणि आता बरीच खाली उतरली आहे. अंगकाठीच बारीक असलेले मूल आपल्या रेषेला धरून वाढत राहते. इथे तसे झालेले नाही, म्हणून बालरोगतज्ज्ञांना दाखवणे टाळू नका. माता-बाल संरक्षण कार्डावरील वजनाचा तक्ता सोबत न्या, उंचीही मोजून घ्या आणि हिमोग्लोबिनची तपासणी करायला सांगा.

आता दुधाविषयी. या वयात दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ८० कॅलरी लागतात, म्हणजे आपल्या मुलीला सुमारे साडेसातशे आणि मागे पडलेले वजन भरून काढायचे असेल तर त्याहून काही अधिक. टोन्ड दुधाच्या ९०० मिलिलिटरमधून सव्वापाचशेच्या आसपास कॅलरी मिळतात. म्हणजे तिच्या भुकेचा दोन तृतीयांशाहून मोठा भाग बाटलीच भागवते, मग तिने वरण-भात कोणत्या भुकेने खावा? शिवाय दुधात लोह अगदीच कमी असते आणि दुधावरच वाढणाऱ्या मुलांमध्ये लोहाची कमतरता हमखास आढळते. लोह कमी पडले की भूक मंदावते, भूक मंदावली की घरचे पुन्हा बाटली देतात आणि हे चक्र असेच चालू राहते.

म्हणून दूध दिवसाला ४०० मिलिलिटरपर्यंत आणावे, ते बाटलीतून न देता पेल्यातून द्यावे आणि जेवणाच्या आधी देऊ नये. पिशवी बदलून फुल क्रीम घ्या. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, तर फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के. त्यामुळे निम्म्याहून कमी दुधातही साडेतीनशेच्या आसपास कॅलरी मिळतील आणि पोटात अन्नासाठी जागा राहील.

‘जास्त खायला कसे घालावे’ असे आपण विचारले आहे. माझ्या मते प्रश्नच थोडा बदलायला हवा. या वयाच्या मुलाचे पोट दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर एवढेच असते, म्हणजे आपल्या मुलीच्या पोटात एका वेळी दीड-दोन वाट्यांपेक्षा जास्त मावत नाही. ही वाटी पातळ वरणाने भरली तर पोट भरते, पण अंगी लागण्याजोगे त्यात फारसे नसते. घास तेवढेच ठेवा, त्यातला सकसपणा वाढवा. एक चहाचा चमचा तूप म्हणजे सुमारे ४० कॅलरी. दिवसभरातल्या तीन जेवणांत एकेक चमचा तूप मिसळले तर घासांची संख्या न वाढवता १२० कॅलरी वाढतात. वरण घट्ट ठेवा. खिचडीत डाळीचे प्रमाण वाढवा आणि वरून दाण्याचे कूट घाला. दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम कुटात ५५ कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिने मिळतात. पोळीच्या कुस्कऱ्यात लोणी आणि तिळाची पूड मिसळता येते. घरात चालत असेल तर रोज एक अंडे द्या, त्यातून ७० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. शेंगदाणा किंवा अंडे पहिल्यांदाच देत असाल तर अगदी थोडे देऊन अंगावर पुरळ, ओठांना सूज किंवा उलटी होते का, हे पाहावे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बदाम आणि अख्खी द्राक्षे मात्र देऊ नका, ती श्वासनलिकेत अडकतात.

पावडरविषयी विचारलेत. अशा पुष्कळ पावडरींमध्ये साखरेचे प्रमाण मोठे असते आणि दोन वर्षांच्या आत साखर टाळलेलीच बरी. त्या पावडरीने दूध आणखी गोड लागेल आणि मुलगी आणखी दूध मागेल, म्हणजे आपल्याला जे कमी करायचे तेच वाढेल. भूक वाढवणारे औषध डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याखेरीज देऊ नका.

पुढीलपैकी काही दिसले तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे: वजन घटणे, वारंवार उलट्या, लांबलेले जुलाब, दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप, आणि गिळताना ठसका लागणे. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. हा घेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर तीही तातडीची बाब समजावी.

उत्तर २: गिरगावची आजी

मी दोन नातवंडे वाढवली आहेत आणि त्यातला धाकटा अगदी आपल्या मुलीसारखाच गालात घास धरून बसायचा. वरच्या ताईंनी दुधाचे सांगितले ते पूर्णपणे पटले. आमच्याकडेही बाटली सुटली तेव्हाच जेवण सुरू झाले.

मी आपल्याला मोडाच्या नाचणीची खीर सुचवते. नाचणी धुऊन रात्रभर भिजवायची, सकाळी पाणी निथळून ओल्या मलमलच्या फडक्यात बांधून ठेवायची आणि दिवसातून दोनदा त्यावर पाणी शिंपडायचे. दीड-दोन दिवसांत पांढरे, सुईच्या टोकाएवढे मोड दिसू लागतात. मग ती सावलीत पसरून खडखडीत वाळवायची, मंद आचेवर ओल जाईल इतपतच परतायची आणि दळून आणायची. पावसाळ्यात आपल्या मुंबईच्या हवेत फडक्याला कुबट वास येतो. तसा वास आला किंवा मोडांवर बुरशीचे धागे दिसले तर मन घट्ट करून सगळे टाकून द्यावे. मी त्या दिवसांत पंख्याखाली वाळवते आणि एका वेळी पाव किलोच करते.

या पिठाचा एक गुण माझ्या सासूबाईंनी मला दाखवला होता. साध्या नाचणीच्या पिठाचे दोन चमचे घेतले की खीर चमच्याला चिकटण्याइतकी घट्ट होते आणि मूल तोंड फिरवते. मोडाच्या पिठाचे चार चमचे घेतले तरी ती पातळ, सरसरीत राहते. पहिल्यांदा केली तेव्हा मला वाटले की खीर बिघडली. पण तसे नसते, मोड आल्याने पीठ शिजताना सैलावते. त्यामुळे त्याच वाटीत दुप्पट पीठ जाते आणि मुलाला ती गिळायलाही सोपी पडते. त्यात खारकेची पूड, चमचाभर तूप आणि थोडे फुल क्रीम दूध घातले की साखर किंवा गूळ लागतच नाही.

केळे ती खाते असे आपण लिहिले आहे, तर केळ्याचे शिकरण करा, मात्र साखरेविना, साय घालून. आणि आपल्याकडे मासे चालत असतील तर ओला बोंबील देऊन पाहा. त्याचे मांस इतके मऊ असते की चावण्याचे कष्टच नसतात. मधला काटा काढून, बोटांनी दोनदा चाचपून मगच भातात कुस्करायचा. १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा मिळेलच असे नाही. त्या दिवसांत अंड्यावर भागवावे.

सासूबाईंना मात्र दोष देऊ नका. नात उपाशी राहिली तर आपलाच हलगर्जीपणा ठरेल, ही भीती त्यांच्याही मनात असणार.

उत्तर ३: मुलुंडचे बाबा

पदार्थांविषयी वर सविस्तर आले आहे, म्हणून मी फक्त भरवण्याच्या पद्धतीविषयी लिहितो. आमच्या मुलाच्या बाबतीत आम्ही दोन वर्षे रोज ताटामागे धावलो आणि त्यातून काहीही साधले नाही.

आम्हाला एक नियम उपयोगी पडला: काय वाढायचे, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचे, आणि खायचे की नाही व किती, हे मुलाने. दोन खाण्यांमध्ये अडीच ते तीन तासांचे अंतर ठेवायचे आणि त्या मधल्या वेळेत पाण्याशिवाय काहीही द्यायचे नाही, अगदी एक बिस्किटसुद्धा नाही. जेवण पंचवीस मिनिटांत संपवायचे. खाल्ले नाही तर न रागावता ताट उचलायचे आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबायचे. पहिले चार दिवस फार कठीण गेले. तिसऱ्या दिवशी रात्री तो रडून झोपला, तेव्हा माझी पत्नी स्वयंपाकघरात उभी राहून रडत होती. पाचव्या दिवशी मी जेवायला बसलो असताना तो माझ्या मांडीवर येऊन बसला आणि माझ्या ताटातील पिठल्यात बोट बुडवून चाटू लागला. आम्ही दोघांनी त्याच्याकडे न पाहता जेवण चालू ठेवले. त्या रात्री त्याने पिठल्याबरोबर पाव भाकरी खाल्ली.

मोबाइल मात्र एकदम बंद करा. गाणी पाहताना मुलाला भूक आणि पोट भरल्याची जाणीव, दोन्ही कळत नाहीत. नवा पदार्थ एकदा नाकारला म्हणजे तो आवडत नाही, असेही समजू नका. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर काही मुले तो पहिल्यांदा तोंडात घालतात. आमच्या मुलाने लाल भोपळ्याला किमान बारा वेळा नकार दिला होता. तो केवळ एक फोड म्हणून ताटाच्या कडेला असायचा आणि कोणी त्याचा विषय काढायचे नाही.

भांडुपची आई (सहा आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. हिमोग्लोबिन ९.८ निघाले. या वयात ते ११ च्या वर हवे असते, असे डॉक्टरांनी सांगितले आणि लोहाचे औषध सुरू केले. बाकी तपासण्या ठीक आल्या. त्याच वजनकाट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत, काल तिचे वजन ९.५५ किलो भरले.

दूध आता ४५० मिलिलिटरवर आले आहे. सासूबाईंना मी कॅलरींचे गणित कागदावर लिहून दाखवले. त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, ‘मग तुपाचा डबा खालच्या फळीवर ठेव.’ नाचणीची खीर ती रोज एक वाटी खाते. भाजी अजूनही खात नाही, पण गालात घास धरणे बरेच कमी झाले आहे. अडचण आता पाळणाघराची आहे. तिथे दुपारी झोपताना ती रडते आणि तिथल्या ताई बाटली देतात. त्यांच्याकडे बारा मुले आहेत, त्यामुळे त्यांना आग्रह कसा करावा ते कळत नाही.

बालआहारतज्ज्ञ, परळ

साडेतीनशे ग्रॅमची वाढ चांगली आहे, अशीच महिन्यातून एकदा नोंद ठेवा, रोज वजन करू नका. लोहाचे औषध दुधासोबत देऊ नये, लिंबाच्या पाण्यासोबत दिल्यास ते अधिक शोषले जाते. शी काळपट झाली तर घाबरू नका. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही डॉक्टर सांगतील तोपर्यंत औषध चालू ठेवा.

पाळणाघरातील ताईंना बाटली बंद करा असे सांगण्याऐवजी सकाळी त्यांच्या हाती छोट्या झाकणाच्या डब्यात घट्ट शिकरण द्या आणि ते झोपेच्या अर्धा तास आधी चमच्याने भरवण्याची विनंती करा. पोट भरलेले असेल तर झोपताना लागणारी बाटली ही केवळ सवय उरते, आणि त्या सवयीसाठी त्याच बाटलीत पहिल्या आठवड्यात थोडे पाणी मिसळून, दुसऱ्या आठवड्यात निम्मे पाणी घालून आणि तिसऱ्या आठवड्यात केवळ पाणी भरून देता येते. बाटली आपण घरूनच भरून पाठवा, म्हणजे त्या ताईंचे काम वाढणार नाही.